मागच्या पायांचा तोकुझो

पडदा अर्धाच उघडा होता. मिनोसेच्या शाळेच्या व्यायामशाळेत एका टोकाला रंगमंच आहे, आणि त्याचा मखमली पडदा दोरीला गाठ बसल्यामुळे कैक वर्षं तसाच अर्ध्यावर अडकलेला आहे. त्या संध्याकाळी रंगमंचावर नाटक नव्हतं की नाच नव्हता. पांघरुणं पसरून म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. खाली निळ्या ताडपत्र्यांवर अख्खी खालची आळी दाटीवाटीनं पथारी टाकत होती. आणि वर पत्र्यावर पाऊस असा वाजत होता, की जणू ढोलकऱ्याला ‘आता पुरे’ म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

मित्सुए मात्र दाराशी, चपलांच्या मांडणीपाशी उभी होती. विंगेतला प्रॉम्प्टर एकाच नटाची वाट बघत उभा राहावा, तशी. आणि मग फाटकातून तो आला. पिवळ्या रेनकोटातला, कमरेत वाकलेला एक म्हातारा. मागे दोन चाकांची ढकलगाडी, तिच्यावर दोरीनं आवळलेली प्लॅस्टिकची पेटी, आणि पेटीच्या जाळीतून बाहेर आलेलं एक ओलं, तपकिरी नाक.

“आले!” मित्सुए ओरडली. “बघा, आले की नाही तोकु-सान!”

“कुत्र्याला घेऊन आलेत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग? तिला सोडून येतील होय?”

तोकुझो येणार नाही असं सारी आळी पैजेवर सांगत होती. तो आला, कारण मित्सुएनं त्याला शब्द दिला होता. त्या शब्दाचं काय झालं, त्याचीच ही गोष्ट.

ह्याच रंगमंचावर तोकुझो उशिजिमा दर शरदात नाचला, आणि एकाही प्रेक्षकानं त्याचं तोंड पाहिलं नाही. देवळाच्या जत्रेतला सिंह दोघांचा असतो. पुढचा माणूस लाकडी मुखवटा हातात धरून जबडा खटाखट वाजवतो, पोरांची डोकी चावल्यासारखं करतो, म्हाताऱ्यांकडून नमस्कार घेतो. मागचा माणूस हिरव्या कापडाखाली वाकून पुढच्याच्या कमरेच्या हालचालीवर पाय टाकत जातो. पुढे मित्सुएचा नवरा इवाओ. मागे तोकुझो. उभा जन्म हेच.

“टाळ्या तोंडाला, घाम पाठीला,” नाच संपला की टॉवेलनं मान पुसत तो म्हणायचा. पण त्यात तक्रार नसायची. असतो एकेका माणसाचा पिंड. कुणाला प्रकाशात उभं राहिल्याशिवाय झोप येत नाही, आणि कुणाला कापडाखालीच मोकळा श्वास घेता येतो.

“आत तुम्हाला दिसतं तरी काय?” मित्सुएनं एकदा विचारलं होतं.

“इवाओचं बूड,” तो गंभीरपणे म्हणाला. “पण फार बोलकं बूड आहे, मालकीणबाई. कुठे वळायचं ते आधी तेच सांगतं.”

मालकीणबाई, कारण नदीकाठच्या गल्लीतलं सलून मित्सुएचं होतं. कात्री तिची, वस्तरा तिचा. इवाओ फक्त गिऱ्हाइकांना हसवायचा. तोकुझोचा धंदा तातामी शिवण्याचा. गुडघ्यांवर बसून, वाकून, जाड सुईनं गवताच्या चटईला काठ लावायचे. घरी वाकलेला, नाचात वाकलेला. सरळ उभा राहिला की आपण कुणाच्या तरी आड येतोय असं त्याला वाटायचं. नव्या घरांमधून तातामी जाऊन लाकडी फरशी आली, तेव्हा सुईही सुटली. बायको तरुणपणीच वारलेली, मूलबाळ नाही. आणि ढोल कापडाला खेटून वाजायचा, तो बाहेरच्यांना गोड लागे, पण मागच्या पायांचे कान त्यानंच खाल्ले. म्हातारपणी दोन्ही कानांत यंत्र घालावं लागलं. पावसाचा थेंब आला रे आला, की ते काढून तो खिशात ठेवी. भिजलं की बिघडतं म्हणून.

इवाओ गेला त्या वर्षी सिंह पेटाऱ्यातून निघाला नाही. नवं डोकं शोधायला हवं असं सगळे म्हणाले, कुणी शोधलं नाही. जत्रेच्या दिवशी तोकुझो देवळामागच्या पायऱ्यांवर एकटा बसून होता, आणि तिथे एक पिल्लू त्याच्या पायजम्याची कड चावायला लागलं. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखा रंग. त्या पिठाचंच नाव त्यानं तिला ठेवलं, किनाको.

“तिला विचारलं,” तो सलूनमध्ये येऊन सांगत होता, “की बाई, माझ्याकडे मागचे पाय आहेत, डोकं नाही. होतेस का डोकं? तर हो म्हणाली.”

आणि खरोखर तसंच झालं. फिरायला निघाले की किनाको पुढे, ती वळेल तिकडे तोकुझो मागे. घरात ती त्याचे कानही झाली. दाराशी कुणी आलं, फोन वाजला, किटली शिट्टी मारायला लागली, की ती भुंकायची आणि त्याच्या गुडघ्याला नाक लावायची. तिच्या भुंकण्यावर त्याचं घर चालायचं.

रोज संध्याकाळी दोघं सलूनमध्ये यायची. तो शेवटच्या खुर्चीत, ती खुर्चीखाली.

“तोकु-सान, डोक्यावर मोजून चार केस, आणि रोज एक खुर्ची अडवता.”

“चारच आहेत म्हणून जपायला येतो, मालकीणबाई. दाट असते तर तुमच्या हाती दिले नसते.”

ही हसण्याची जागा इथे संपते.

मध्ये एका वर्षी हाया नदी चढली. पाणी खालच्या आळीच्या उंबऱ्यांना लागलं. शाळेचा आसरा उघडला, पण जनावरं आणायची नाहीत असा तेव्हाचा नियम होता. सगळी आळी वर गेली, तोकुझो गेला नाही. रात्रभर तो किनाकोला मांडीवर घेऊन जेवणाच्या बुटक्या टेबलावर बसून राहिला, आणि पाणी टेबलाच्या पायांशी खेळून परत गेलं. सकाळी मित्सुए चिखल तुडवत त्याच्या दाराशी आली. 

“मरायचं होतं का?”

“नाही हो. सोबत बसलो होतो.”

“पुढच्या वेळी पाणी टेबलावर येईल!”

“तर मग आम्ही कपाटावर बसू.”

इवाओ जाताना तिला एवढंच बोलला होता, की मागच्या पायांकडे लक्ष ठेव. तेव्हापासून मित्सुएला एकच ध्यास लागला. पुढचा पूर येईल तेव्हा ह्या माणसाला त्या घरातून बाहेर काढायचं. आणि कुत्री बाहेर आल्याशिवाय माणूस येणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

नियम बदलला. आपत्तीच्या सरावाला सगळे व्यायामशाळेत जमले तेव्हा नगरकचेरीतला ओगाता नावाचा तरुण कारकून म्हणाला, की आता पाळीव प्राणी मागे सोडून यायचं नाही, त्यांच्यासह निघायचं. ह्याला ‘दोको’ म्हणतात. त्यानं फळ्यावर ती दोन अक्षरं काढली. ‘सोबत’ आणि ‘जाणे’.

मित्सुए ती अक्षरं बघतच राहिली. कारण ती तिच्या सलूनच्या भिंतीवर टांगलेली होती. तिची आई शिकोकूच्या अठ्ठ्याऐंशी देवळांची परिक्रमा पायी करून आली होती, आणि तिच्या गवती टोपीवर काळ्या शाईत लिहिलेलं होतं, सोबत जाणारे, दोघे. यात्रेकरू आणि संत कोबो. वाटेत ताप आला, पाय सुजले, रस्त्यातच मरण आलं, तरी दुसरा सोडून जात नाही. अक्षरं तीच, फक्त कचेरीच्या तोंडी त्यांचा उच्चार वेगळा. ज्या घरातल्या खुंटीवर ती टोपी आहे, त्या घरातल्या माणसानं त्या अक्षरांचा दुसरा काय अर्थ लावावा? मित्सुएनं काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही तिला दिसलंच नाही.

संध्याकाळी तिनं टोपी खुंटीवरून काढून तोकुझोच्या मांडीवर ठेवली.

“वाचा.”

“हे देवाचं आहे. कचेरीचं निराळं असतं.”

“अक्षरं तीच आहेत. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. सोबत जायचं, सोबत राहायचं.”

तोकुझोनं यंत्र कानात नीट बसवलं. “मला आत आणि तिला बाहेर, असं केलं तर मी घरी परत येईन, मालकीणबाई. आधीच सांगून ठेवतो.”

“माझ्या आईच्या टोपीवर हात ठेवून सांगते. तुम्हाला दोघांना दोन ठिकाणी कुणी ठेवणार नाही.”

आजवर लोकांनी सांगितलेलं तोकुझोनं फारसं मानलं नव्हतं. पण त्या टोपीपुढे त्यानं मान वाकवली.

मग तयारी सुरू झाली. पेटी शेवटच्या खुर्चीखाली ठेवली, दार काढून, आत तोकुझोचा जुना बनियन घालून. आधी किनाको नुसतं डोकं घालायची. मग पुढचे पाय. “आता मागचे,” तोकुझो म्हणायचा, “मागच्यांना विसरू नकोस, ते आपोआप येत नसतात.” गळ्यात नावाची पट्टी बांधली. अनोळखी गिऱ्हाइकाच्या हातून खायला शिकवलं. कोरडे दाणे, पाणी, लसीचा दाखला आणि दोघांचा एकत्र काढलेला फोटो, हे सगळं एका पिशवीत घालून ती दाराशी टांगली. फोटोत तोकुझोनं मान खाली घातली होती. त्याला तोंड दाखवायची सवयच नव्हती.

पेटीत जाण्याचा हुकूम मात्र सगळ्या देशात एकच. परक्या भाषेतला शब्द, पण आमच्याकडच्या कुठल्याही कुत्र्याला कळतो. “हाउस!” म्हटलं की पेटीत. किनाको शिकली, आणि त्यातून सलूनला एक नवी गंमत मिळाली. दिवे मालवायची वेळ झाली की मित्सुए वस्तरा पुसत म्हणायची, “तोकु-सान, हाउस!” आणि तो खुर्चीतून उठून शेपूट हलवल्यासारखी कंबर हलवत घरी जायचा. पुढे पुढे तो स्वतःच उठायचा, स्वतःलाच “हाउस” म्हणायचा आणि निघायचा.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं वाजलं.

“पेटीत असताना भुंकायचं नाही, हे शिकवायला हवं,” मित्सुए म्हणाली. “शंभर माणसं झोपणार. एकदा भुंकली की सगळे मिळून बाहेर काढतील.”

“ती माझे कान आहे.”

“पेटीबाहेर असेल तेव्हा भुंकू दे की. पेटीत असेल तेवढा वेळ फक्त.”

“कान पेटीत बंद करून ठेवायचे म्हणता.”

“तेवढा वेळ मी होईन तुमचे कान. मी शेजारीच असेन ना?”

तो बराच वेळ किनाकोच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “शिकवा.” आणि मित्सुएनं शिकवलं. भुंकली की पाठ फिरवायची, गप्प राहिली की वाळवलेल्या मासळीचा तुकडा. किनाको हुशार होती. पावसाळ्यापर्यंत अशी तयार झाली, की पेटीवर डबा आपटला तरी आतून हूं नाही की चूं नाही. मित्सुएला तिचा फार अभिमान वाटायचा. येणाऱ्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती डबा आपटून दाखवायची.

आता पुन्हा त्या संध्याकाळी, त्या दाराशी यायला हवं.

तोकुझो गाडी ओढत पायऱ्यांच्या आडोशाला आला आणि त्यानं खिशातली यंत्रं कानांत घातली. ओगाता वाकून नमस्कार करत पुढे झाला. पोरगा सकाळपासून उभा होता, शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता.

“आजोबा, बरं झालं आलात. आपण आत चला. हिला सायकलींच्या छपराखाली ठेवू या. तिथे जागा केली आहे.”

तोकुझोनं मित्सुएकडे बघितलं.

“छपराखाली कशाला?” मित्सुए म्हणाली. “दोको आहे ना? तुम्हीच शिकवलंत.”

“हो आजी, दोकोच. सोबत निघून यायचं. आत सोबत राहायचं त्याला ‘दोहान’ म्हणतात. ते आपल्याकडे नाही.” ओगाताचा आवाज पडला. “आत दम्याची मुलं आहेत. कुत्र्यांना घाबरणारे लोक आहेत. मला माफ करा.”

“एकाच अक्षराचा फरक?”

“हो, आजी.”

तो खोटं बोलत नव्हता. सरावाच्या दिवशीही बोलला नव्हता. मित्सुएच्या पायांखाली फरशी होती, तरी तिला वाटलं आपण पाण्यात उभ्या आहोत. तिनं तोकुझोकडे वळून काही बोलायला तोंड उघडलं, पण त्यानं हात हलवला.

“असू दे, मालकीणबाई. सायकली तरी सायकली.”

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो ढकलगाडी वळवून पेटीमागून छपराकडे गेला.

छपराला भिंती नव्हत्या. पाऊस आडवा येत होता. बाकीची कुत्री खांबांना बांधलेली, थरथरत, गळा काढून भुंकत होती. एकटी किनाको पेटीत गप्प होती. तोकुझोनं पेटी गाडीवरून उतरवली, रेनकोट काढून तिच्यावर घातला आणि स्वतः सिमेंटवर तिला पाठ लावून बसला. मित्सुए भाताचे मुटके आणि चहा घेऊन गेली. त्यानं एक मुटका खाल्ला, अर्धा जाळीतून आत दिला.

“आत या. मी बसते हिच्यापाशी.”

“मग तुम्ही भिजाल. त्यापेक्षा जो भिजलाय तोच बसू दे.”

“टोपीवर हात ठेवून शब्द दिला होता मी.”

“टोपी चुकलेली नाही,” तो म्हणाला. “अक्षरंही चुकलेली नाहीत. आपण सोबत आलोच की.”

त्यानं कानांतली यंत्रं काढून रुमालात गुंडाळली आणि खिशात घातली. त्यानंतर त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओठ मोठे हलवायचे.

मित्सुएच्या डोक्यात तेव्हा एक जागा आली. रंगमंचाच्या पोटात, जिथे घडीच्या खुर्च्या गाड्यांवर रचून ढकलतात, तिथे एक बुटकं लाकडी दार आहे. जत्रेच्या काळात सिंहाचा पेटारा तिथेच असायचा. दार लावलं की केस नाही, वास नाही, आवाजाचा तर प्रश्नच नाही. तोकुझो वाकलेलाच आहे, त्याला ती उंची पुरेल. तिनं त्याच्यासमोर बसून ओठ हलवले.

“हलू नका. मी जागा घेऊन येते. दोघांना. कळलं?”

त्यानं मान हलवली. ती धावत निघाली. मागून त्याचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, एकच शब्द. मित्सुएला वाटलं, तो किनाकोशी बोलतोय. ती थांबली नाही.

ओगाताला पटवायला वेळ लागला. तो ‘नाही’ म्हणाला, मग वरिष्ठांना फोन लागेना, मग मित्सुएनं त्याचा हात धरून त्याला रंगमंचाखाली ओणवं करून ते दार दाखवलं. एका दमेकरी पोराच्या आईनं, तिनंच, म्हटलं, “तिथे ठेवायला काय हरकत आहे? मध्ये लाकूड आहे की.” चार बाप्यांनी खुर्च्यांच्या गाड्या बाहेर ओढल्या. कुणीतरी आत घोंगडी टाकली. जागा झाली. मुलूखभर शोधून मिळाली नसती अशी जागा.

मित्सुए छपराखाली आली तेव्हा खांबांना बांधलेली कुत्री भुंकत होती, आणि जिथे पेटी होती तिथे सिमेंटचा एक कोरडा चौकोन होता. तो तिच्या डोळ्यांदेखत भिजत गेला.

तिनं फाटकापर्यंत धाव घेतली. स्वयंसेवक अग्निशमनवाल्यांनी तिला अडवलं. खालचा रस्ता बंद झाला होता. तिनं तोकुझोच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. अग्निशमनवाले म्हणाले, आम्ही बघतो. आणि त्यांनी बघितलंही. त्यात कुणाची कसूर नव्हती. पाणी गल्लीत शिरल्यावर ते होडी घेऊन त्याच्या दारावरून गेले, कर्णा लावून हाका मारल्या, थांबून कान दिला, परत येताना पुन्हा मारल्या. घरात दिवा नव्हता. आतून काही आवाज आला नाही.

“कुत्रं असलेलं घर म्हणून आम्हाला सांगितलं होतं,” त्यांच्यातला एक जण नंतर मित्सुएला म्हणाला. “कुत्रं असेल तर भुंकेल ना हो. भुंकलं नाही, म्हणून समजलो की इथे कुणी नाही.”

 मित्सुएच्या हाताची बोटं, कात्री धरल्यासारखी, मिटत आणि उघडत राहिली.

पाणी पहाटेच्या आधी दाराच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत गेलं होतं. ओसरल्यावर लोक आत शिरले, तेव्हा भिंतीतल्या कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, गाद्यांच्या वळकट्यांमध्ये घट्ट खोचलेली पेटी मिळाली. पेटीत किनाको जिवंत होती. जाळीशी नाक लावून, गप्प. तोकुझो त्याच कपाटाच्या तळाशी होता. रुमालात गुंडाळलेली यंत्रं शर्टाच्या खिशात तशीच होती, आणि कोरडी राहावीत म्हणून त्यानं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती. ती कोरडीच निघाली.

अंत्यविधीला मित्सुएनं आईची टोपी नेली. सलूनमध्येही पाणी खुंटीच्या वर चढलं होतं, गवतात गाळ बसला होता, पण शाई टिकली होती. यात्रेकरूच्या शवपेटीवर ती टोपी ठेवतात, असा रिवाज आहे. ती ठेवायला वाकली, अक्षरं वाचली, आणि टोपी उचलून परत घेऊन आली. दोघांपैकी एक जण अजून सलूनमध्ये शेवटच्या खुर्चीखाली होती.

किनाको पेटीतून बाहेर यायची, खायची, अंगणात जाऊन यायची आणि परत आत जाऊन बसायची. भुंकायची नाही, पेटीबाहेरही नाही. मित्सुएनं मासळीचा तुकडा धरून, हात जोडून, शेवटी रडून तिला सांगून पाहिलं, की भुंक ग, एकदा भुंक. शिकवलेलं पुसून कसं टाकायचं, ते मित्सुएला कुणी शिकवलं नव्हतं. फोन वाजला की किनाको नुसती दाराकडे बघायची.

शरद आला. नगरकचेरीनं पुराच्या आढाव्यासाठी लोकांना व्यायामशाळेत बोलावलं. पडदा तसाच अर्धा. रंगमंचाखालचं बुटकं दार आता रंगवलेलं होतं आणि त्यावर कुत्र्याचं आणि मांजराचं चित्र होतं. ओगातानं सांगितलं, की यापुढे तिथे माणूस आणि प्राणी एकत्र राहू शकतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओगातानं वाजवल्या नाहीत. तो वाळून अर्धा झाला होता.

सभा मोडल्यावर तो मित्सुएपाशी आला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

“आजी, मी रोज विचार करतो. मी ‘नाही’ म्हटलं म्हणून आजोबा रागावून गेले का?”

“रागावणारा माणूस नव्हता तो.”

“तुम्ही जागा आणायला आत आलात. त्यांना तसं सांगूनही आला होतात. मग का गेले? तुम्हाला काहीच बोलले नाहीत का?”

बोलला होता. मित्सुएनं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो आवाज ती रोज ऐकत होती. धावताना पाठीमागून आलेला, खालच्या पट्टीतला, रोज दिवे मालवताना यायचा तसाच. तेव्हा तिला वाटलं होतं की तो किनाकोला झोपवतोय. पण किनाको तर केव्हाची पेटीत होती. जाळी लावलेली होती, वर रेनकोट घातलेला होता. तिला पुन्हा आत जायला सांगायचं काही कारणच नव्हतं.

“बोलले,” मित्सुए म्हणाली, आणि तोकुझोसारखीच मान खाली घालून तिनं तो शब्द उच्चारला.

“हाउस.”